सायलेन्सर बदलल्याने ट्रकची ताकद खरोखर वाढते का?

मोताळ्याचा ट्रकवाला

माझ्याकडे २०१३ सालचा सहाचाकी ट्रक आहे. इंजिन टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) आणि इंटरकूलर (ती दाबलेली हवा थंड करणारी जाळी) असलेले, पावणेसहा लिटरच्या आसपासचे, १३० अश्वशक्तीचे असून त्यात आजवर कोणताही फेरफार केलेला नाही. मलकापूरहून खताची पोती भरून राजूर घाट चढताना ज्या वळणांवर गाडी पूर्वी चौथ्या गिअरमध्ये ओढत असे, तिथे या हंगामात तिसरा टाकावा लागतो. गॅरेजमध्ये दाखवल्यावर कंपनीचा सायलेन्सर काढून मोठ्या व्यासाचा पाइप आणि ‘फ्री फ्लो’, म्हणजे वायूला कमी अडवणारा, डबा बसवण्याचा सल्ला मिळाला. खर्च १४ हजार रुपये.

माझे मत असे आहे की कंपनीने इंजिनाच्या डिझेल पंपावर जेवढे डिझेल ठरवून दिले आहे, तेवढेच इंजिन जाळणार. धूर बाहेर जाण्याची वाट रुंद केल्याने आत येणारे डिझेल वाढत नाही, मग ताकद येणार कुठून? ज्यांचा अनुभव वेगळा असेल त्यांनी तो अवश्य लिहावा. मात्र ‘गाडी मस्त पळते’ एवढ्याने माझे समाधान होणार नाही.

चिखलीचा मिस्त्री

भाऊ, तुमचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे. जळालेला वायू बाहेर ढकलायलाही इंजिनाला ताकद खर्च करावी लागते, आणि वाट जितकी अरुंद तितका हा खर्च जास्त. शिवाय टर्बो त्याच वायूवर फिरतो. त्याच्या मागचा दाब कमी झाला की तो लवकर वेग घेतो, हे ड्रायव्हरला गिअर बदलल्याबरोबर कळते. मी २२ वर्षे हेच काम करतो आहे. सायलेन्सर बदलल्यावर ‘काहीच फरक नाही’ असे सांगत परत आलेले गिऱ्हाईक मला आठवत नाही.

आयटीआयचा मास्तर

मिस्त्रींचे तत्त्व मला मान्य आहे, पण प्रश्न ‘फरक पडतो का’ हा नसून ‘किती पडतो’ हा आहे, आणि तो आकड्यांशिवाय सुटत नाही.

अनेक डिझेल इंजिनांना टर्बोच्या पुढे, म्हणजे पाइप आणि सायलेन्सर मिळून, साधारण १० किलोपास्कलपर्यंत उलटा दाब, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा अडथळा, चालतो. भाऊंचे इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे ११९ लिटर वायू सिलिंडरबाहेर लोटते. तो १० किलोपास्कलविरुद्ध लोटण्यासाठी लागणारी ताकद १.२ किलोवॉट, म्हणजे सुमारे १.६ अश्वशक्ती होते. टर्बोमुळे हा दाब सिलिंडरपर्यंत पोचताना वाढतो, म्हणून आपण ती दुप्पट धरू: ३.२. हा सगळा दाब शून्यावर आणला, जे कोणत्याही डब्याने शक्य नाही, तरीही १३० मध्ये जेमतेम अडीच टक्के मिळतील. डबा बदलून दाब निम्मा झाला असे धरले तर सव्वा टक्का.

त्यातही हा हिशेब पूर्ण फेऱ्यांचा आहे. वायूचा प्रवाह घटला की उलटा दाब साधारणपणे त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. घाटात तुम्ही १५०० फेऱ्यांवर झुंजत असता, तेव्हा तो जवळपास एक तृतीयांशावर आलेला असतो. म्हणजे जिथे ताकदीची खरी गरज, तिथेच हा लाभ सर्वांत कमी.

दोन टक्के ताकद म्हणजे काय, हे खताच्या भाषेत सांगतो. सगळे मिळून सोळा टन वजनाच्या गाडीवरून ४५ किलोची सात पोती युरिया उतरवली, तर चढावर जेवढा हलकेपणा येईल तेवढाच. सात पोती कमी भरली आहेत हे नुसते स्टिअरिंगवर बसून ओळखणारा ड्रायव्हर मला अजून भेटायचा आहे.

जाफराबाद रोड

मास्तर, तुमचा हिशेब कागदावर ठीक आहे, पण मी स्वतः गाडी चालवतो. मागच्या दिवाळीत सायलेन्सर बदलला, तेव्हापासून गाडी मोकळी वाटते आणि ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताच उत्तर देते. हजारो ड्रायव्हर खोटे बोलतात का?

आयटीआयचा मास्तर

खोटे कोणी बोलत नाही. आवाज मोठा झाला की वेग वाढल्यासारखे वाटते, यात ड्रायव्हरचा दोष नाही. एकदा असे करून पाहा: सारखाच माल, तोच सपाट रस्ता, तोच गिअर, आणि ३० ते ५० किलोमीटर वेगाला लागणारा वेळ शेजारच्या माणसाने मोबाइलवर मोजावा. जुना डबा लावून तीन वेळा, नवा लावून तीन वेळा. सकाळच्या मोजमापाची तुलना मात्र दुपारशी करू नका. आपल्याकडच्या ४५ अंशांत हवा ३० अंशांपेक्षा सुमारे पाच टक्के विरळ असते, आणि हा फरक कोणत्याही सायलेन्सरपेक्षा मोठा आहे.

चिखलीचा मिस्त्री

सात पोत्यांचा हिशेब मी मान्य करतो. पण मास्तर, तो धडधाकट सायलेन्सरचा आहे. माझ्याकडे येणारे डबे दहा-बारा वर्षांचे असतात. मागच्या महिन्यात एक कापून पाहिला, तेव्हा आतली जाळीची नळी गंजून आडवी पडली होती आणि वायूला बोटभर फट उरली होती. अशा गाडीला नवा डबा लावला की चढावर एक गिअर परत मिळतो, हा माझा डोळ्यांदेखतचा अनुभव आहे, आणि यापुढेही मी गिऱ्हाइकाला हेच सांगेन. राहिला डिझेलचा प्रश्न, तर डब्यासोबत पंपाचे सेटिंग थोडे वाढवले की ताकद नक्की मिळते.

आयटीआयचा मास्तर

बुजलेला डबा बदलणे म्हणजे गेलेली ताकद परत मिळवणे. त्याबद्दल माझा वाद नाही. तिथे कंपनीच्याच मापाचा नवा डबाही तेच काम करेल. पंप वाढवण्याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. तेव्हा ताकद वाढते ती डिझेलमुळे, श्रेय मिळते डब्याला, आणि पुरेशी हवा नसताना जाळलेल्या त्या डिझेलचा ताप मे महिन्यातल्या घाटात पिस्टन आणि टर्बो सोसतात. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, गाड्यांबाबत तर हा विचारही करू नये. धुराच्या फिल्टरशी छेडछाड झाल्याचे सेन्सरला कळले की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, स्वतःच ताकद कमी करतो. कायद्याचाही विचार हवा: आवाजाची आणि धुराची मर्यादा मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.

मोताळ्याचे भाऊ, तुम्ही एक सांगितले नाही. चढावर काळा धूर वाढला आहे का? वाढला असेल, तर डिझेलला हवा पुरत नाही; मागचा सायलेन्सर सोडून हवा आत येण्याची बाजू तपासा.

जाफराबाद रोड

मोजून पाहीन. पण गाडी मोकळी वाटते, हे मी मागे घेणार नाही.

मोताळ्याचा ट्रकवाला

धूर वाढलाच होता. मी तो वयाचा परिणाम समजत होतो. काल इंटरकूलर उतरवला. जिनिंगच्या आवारात दोन हंगाम उभ्या राहणाऱ्या गाडीच्या जाळीवर रुई आणि धूळ यांचा नमद्यासारखा थर बसला होता, तो अखंड सोलून निघाला. टर्बोकडून येणारा रबरी होज क्लिपखाली चार बोटे चिरलेला होता आणि चिरेभोवती तेलकट काजळी होती, म्हणजे दाबलेली हवा तिथूनच निसटत होती. होज, दोन क्लिपा आणि एअर फिल्टर मिळून २,६०० रुपये लागले. आज पहाटे पूर्ण माल भरून राजूर घाट चढलो. शेवटची दोन वळणे सोडली तर चौथा पुरला.

मिस्त्री, तुमच्या म्हणण्याप्रमाणे डबाही ठोकून पाहिला. आत काहीतरी खुळखुळते आहे. पुढच्या आठवड्यात रिकामी गाडी घेऊन चिखलीला येतो. कापून बघू, पण बसवायचा तो कंपनीच्याच मापाचा.