महापालिकेची बाग, राखणारे आपण: कागद, पाचोळा आणि वर्धापनदिन (कोल्हापूर)

वॉर्डातली_बाग

मंडळी, कोल्हापुरातल्या एका प्रभागातली महापालिकेची बाग आहे, साधारण पाऊण एकर. सकाळी सहा ते आठ पंधरा-वीस जण झाडलोट, खुरपणी, पाणी बघतात. माळी आठवड्यातून दोनदा येतो. माती काळी, एक बाजू नाल्याकडे उताराला. ऐंशीच्या आसपास झाडं: रेन ट्री, करंज, सोनमोहर, दोन जुने वड, आणि अलीकडे लावलेले बहावा, ताम्हण, कांचन.

बागेत सभागृह आणि भोवतीनं पेव्हिंग ब्लॉक होणार अशी चर्चा आहे. कागद कुणी पाहिलेला नाही. कुठून सुरुवात करावी? संस्था नोंदवावी का?

दुसरं, पाचोळ्याचे ढीग साचतात आणि कुणीतरी काडी लावतं.

तिसरं, बागेचा वर्धापनदिन २६ जूनला, शाहू जयंतीला करायचं घाटतंय. तीनशे-चारशे माणसं, मांडव, मिसळ, लेझीम, शंभर रोपांचं वृक्षारोपण. यात हिरवळ आणि मुळं कशी वाचवायची?

नकाशा_वाचक

सभागृहाला विरोध करायच्या आधी ती जागा कागदावर काय म्हणून आहे ते बघा. नगर भूमापन कार्यालयातून सि.स. (सिटी सर्व्हे) नंबरचं मालमत्ता पत्रक काढा. नगररचना विभागातून त्याच नंबरचा विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि झोन दाखला घ्या. दोन शक्यता निघतात आणि दोन्हींचा रस्ता वेगळा आहे.

जागा विकास आराखड्यात उद्यान म्हणून आरक्षित असेल, तर आरक्षण बदलल्याशिवाय तिचा मूळ वापर बदलता येत नाही. किरकोळ फेरबदल महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली होतो. त्यासाठी राजपत्रात नोटीस निघते आणि हरकतींना एक महिन्याची मुदत असते. हा महिना हातातून गेला की पुढची लढाई महाग पडते. म्हणून राजपत्र आणि स्थानिक पेपरातल्या जाहीर नोटिसा दर आठवड्याला बघायचं काम एका माणसाकडे नेमून द्या. मोर्चापेक्षा हे काम कंटाळवाणं आहे, पण उपयोगी तेच पडतं.

जागा एखाद्या जुन्या लेआउटमधली खुली जागा असेल, तर मंजूर लेआउटची प्रत मिळवा. अशा जागेत किती आणि कसलं बांधकाम चालतं, याची मर्यादा राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे. प्रस्तावाचं क्षेत्रफळ त्या मर्यादेशी ताडून बघा.

प्रस्ताव खरोखर आहे का, हे माहिती अधिकारातून काढा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘बागेत काय चाललंय’ असं मोघम विचारलं तर मोघमच उत्तर येतं. ‘सि.स. नंबर अमुक या जागेवरील प्रस्तावित बांधकामाचं अंदाजपत्रक, नकाशा, ठराव आणि कार्यादेश यांच्या प्रती’ असं मागा. वृक्षतोडीच्या परवानगीसाठी वेगळा अर्ज करा, नाहीतर दोन विषय म्हणून परत येईल.

रहिवाशांनी विचारायचा संबंधच काय, असं कुणी म्हणालं तर सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा बंगळूर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दाप्पा हा निकाल दाखवा. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय त्यात टिकला नाही, आणि रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे हेही मान्य झालं.

संस्था नोंदणीबाबत माझं मत: आत्ता नको. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं मिळाली की नोंदणी होते हे खरं. पण महाराष्ट्रात तिच्यासोबत १९५० चा सार्वजनिक न्यास कायदाही लागतो. मग दरवर्षी हिशेब तपासणी आली, पदाधिकारी बदलला की ९० दिवसांत फेरफार अर्ज आला. दोन वर्षांनी झाडांपेक्षा अर्जांनाच जास्त पाणी घालावं लागतं. त्यापेक्षा उद्यान विभागाशी साधा लेखी करारनामा करा. मुदत, पाणी आणि विजेचं बिल कुणाकडे, किल्ली कुणाकडे, छाटणी कोण करणार, अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, देणगीदाराचा फलक केवढा, आणि ‘जागेवर स्वयंसेवकांचा कोणताही हक्क निर्माण होत नाही’ हे वाक्य. शेवटचं वाक्य तुम्ही आपणहून घातलंत की अधिकाऱ्याची निम्मी भीती जाते. हत्यारं ठेवायची पत्र्याची खोली पुढं कुणाची तरी होते, किंवा पारावर एक मूर्ती बसते आणि पाठोपाठ मंडप येतो, ही त्यांची काळजी खोटी नसते.

तालीम_कट्टा

नोंदणीवर सहमत नाही. चारशे माणसांचा कार्यक्रम म्हणजे पैसा आलाच. तो एखाद्याच्या वैयक्तिक यूपीआयवर गोळा झाला की पुढच्या वर्षी तोच माणूस वादात सापडतो आणि बागेत यायचा बंद होतो. वर्गणी काढायचीच असेल तर गणेश मंडळं घेतात तशी धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्या आणि पावतीपुस्तक ठेवा. नोंदणी नकोच असेल तर रोख घेऊ नका. देणाऱ्यानं थेट वस्तू द्यावी: दोन खुरपी, पाइपचं एक बंडल, वीस घमेली. बिलाची प्रत बागेच्या फलकावर लावा, विषय संपला.

नकाशा_वाचक

वस्तुरूपानं घ्यायची कल्पना चांगली आहे, ती करारनाम्यातच लिहून टाका.

पाचटवाला

पाचोळ्याचं सांगतो. जाळू नका एवढा बोर्ड पुरत नाही. ढीग दिसतोय तोवर कुणीतरी पेटवणारच, म्हणून पाला ज्या दिवशी गोळा होतो त्याच दिवशी जाळीच्या पिंजऱ्यात गेला पाहिजे.

एक मीटर उंचीची वेल्डमेश जाळी ३.२ मीटर लांब कापा, टोकं दहा सेंटिमीटर एकावर एक घेऊन तारेनं बांधा. एक मीटर व्यासाचा पिंजरा होतो, त्यात पाऊण घनमीटरभर पाला बसतो. तुमच्या बागेला असे पाच-सहा लागतील, कारण सोनमोहर आणि रेन ट्री एकाच वेळी झडायला लागले की दोन पिंजरे आठवड्यात भरतात. पिंजरा जमिनीवरच ठेवा, खाली फरशी नको, आणि झाडाच्या बुंध्याला टेकवू नका.

वीतभर पाल्याचा थर, त्यावर शेणकाला, पुन्हा पाला. आपल्याकडं उसाच्या पाचटाला जे प्रमाण धरतात तेच इथं चालतं: एक टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, १ किलो कंपोस्ट जिवाणू. म्हणजे १०० किलो सुक्या पाल्याला ८०० ग्रॅम, १ किलो आणि १०० ग्रॅम. युरिया नको असेल तर शेणाचं प्रमाण वाढवा आणि वेळ जास्त धरा. युरिया आणि जिवाणू मात्र एकाच बादलीत कालवू नका.

बिघाड ठरलेले असतात. चार महिन्यांनीही पाला तसाच निघाला तर मधे पाणीच पोचलेलं नाही. सुका पाला पाणी बाहेरच्या बाहेर सोडून देतो, म्हणून भरायच्या आधी तो पिंपात बुडवून काढा. नाकाला झोंबणारा वास आला तर युरिया किंवा हिरवं गवत जास्त झालंय, सुका पाला मिसळा. कुजका वास आला तर पाणी जास्त, उलथापालथ करून हवा द्या. मूठ दाबल्यावर बोटांत ओल जाणवावी, पण थेंब पडू नये. दर २०-२५ दिवसांनी पिंजरा उचलून शेजारी ठेवायचा आणि वरचं खाली करत परत भरायचा. साधारण चार महिन्यांत खत होतं. वड आणि करंजाची जाड पानं मागं राहतात, ती पुढच्या पिंजऱ्यात टाका.

पाला उपसताना आधी काठीनं हलवा, हात घालू नका. ढिगाऱ्यात घोणस असू शकते.

आणि सगळाच पाला उचलू नका. खराट्यानं माती चकचकीत करणं हा बागेवरचा अन्याय आहे. झाडाखाली तीन-चार बोटं पाला राहू द्या, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडून. उन्हाळ्यात पाणी वाचतं. हिरवळीला दर चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी लागतं, ५०० चौरस मीटर हिरवळ म्हणजे दिवसाला दोन ते अडीच हजार लिटर. ज्या कोपऱ्यात कुणी बसत नाही तिथली हिरवळ सोडून पाल्याचं आच्छादन करा.

बुंधा_आणि_बेंदा

आधी झाडं मोजा. प्रत्येक झाडाला क्रमांक, स्थानिक नाव, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर बुंध्याचा घेर, ठरलेल्या दोन जागांवरून फोटो. शिंप्याची टेप चालते. १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडांच्या संरक्षण कायद्यात ‘तोडणे’ म्हणजे फक्त बुंधा कापणं नाही, जाळणं आणि इजा करणंही त्यात येतं. आधीचा फोटो नसेल तर इजा झाली हे सांगणार कसं? २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरलं जातं. तुमच्या दोन्ही वडांचं वय घेरावरून ठोकू नका, जुने फोटो किंवा नकाशे शोधा.

पेव्हिंग ब्लॉकचा खरा धोका ब्लॉकात नाही, खालच्या खोदाईत आहे. बेड करायला २०-३० सेंटिमीटर माती काढतात आणि अन्न-पाणी घेणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या दीड फुटातच असतात. किती अंतर सोडायचं याचा साधा हिशेब: घेर भागिले ३.१४, गुणिले १२. तीन मीटर घेराच्या वडाला साडेअकरा मीटर येतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. ठेकेदाराशी बोलताना त्याचा आधार घ्या, पण मोठ्या झाडाला एक मीटर फार कमी आहे. चालायला वाट हवीच असेल तर न खोदता वरून दोन इंच मुरूम पसरा, पाणीही मुरतं.

रेन ट्रीच्या वाळक्या आणि लांब गेलेल्या फांद्या वळवाच्या आधी, म्हणजे मार्चअखेर, परवानगी घेऊन उतरवा. फांदी एका घावात कापली की साल सोलत खाली येते. आधी बुंध्यापासून फूटभर अंतरावर खालून एक तृतीयांश काप, मग त्याच्या थोडं बाहेर वरून काप, फांदी पडली की उरलेला खुंट बेंद्याजवळ, म्हणजे फांदी बुंध्याला जुळते तिथं, फुगीर कड न दुखावता. कापावर बोर्डो पेस्ट: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. ऑइलपेंट नको.

आता २६ जून. रोपं लावायला तारीख चांगली, मांडवाला वाईट. ओल्या काळ्या मातीवर चारशे माणसं तासभर उभी राहिली की ती विटेसारखी दाबली जाते, पुढं पाणी वर साचतं आणि मुळं गुदमरतात. म्हणून दोन भाग करा. २६ जूनला फक्त लागवड, तीस-चाळीस माणसं, वाटेवरून. उत्सव जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, माती कोरडी असताना.

शंभर रोपं तर विसराच. पाऊण एकरात ऐंशी झाडं आधीच आहेत. ५-६ मीटर अंतर धरून मोकळ्या जागा मोजल्या तर दहा-बारा निघतील. खड्डे मे महिन्यात, दोन फूट लांब, रुंद, खोल. त्यात दोन बादल्या पाणी ओता. चोवीस तासांनी पाणी उभं असेल तर तिथं खड्ड्यात न लावता वीतभर उंचवट्यावर लावा, आणि कडुनिंबाऐवजी अर्जुन, करंज किंवा जांभूळ घ्या. पिशवी पूर्ण काढा. पाहुण्यांच्या हातून लावलेल्या रोपांची पिशवी हमखास आतच राहते, कारण फोटोची घाई असते. ऑक्टोबरपासून पुढच्या जूनपर्यंत प्रत्येकी २० लिटर, आठवड्यातून दोनदा. बारा रोपांना आठवड्याला ४८० लिटर. हे कोण देणार, त्याची नावं लागवडीआधी लिहून घ्या.

मांडव_मिस्त्री

जानेवारीत सकाळचा कार्यक्रम असेल तर मांडव लागतो कशाला? झाडांची सावली आहे. स्टेजवर कापड हवंच असेल तर लोखंडी मेखा ठोकू देऊ नका, मुळं आणि पाण्याचे पाइप दोन्ही फुटतात. प्रत्येक खांबाला २०० लिटरचं पाण्यानं भरलेलं पिंप बांधा, दोनशे किलो वजन मिळतं. कार्यक्रम झाला की तेच पाणी झाडांना. झाडाला दोरी, खिळा, लायटिंगची माळ काही नको.

टेम्पो गेटबाहेर उभा राहील, हे डेकोरेशनवाल्याला ठरवतानाच सांगा. खुर्च्यांचे पाय हिरवळीत रुततात, सतरंज्या अंथरा आणि तीन तासांत उचला. लेझीम आणि मर्दानी खेळ गेटजवळच्या कडक जागेत. मिसळीच्या शेगड्या बाहेर. गरम कट किंवा खरकटं पाणी आळ्यात ओतलं तर तेल आणि मिठानं मुळं जातात. पिण्याच्या पाण्याला माणशी एक लिटर धरा, चारशेला २० लिटरचे वीस जार. स्पीकरची परवानगी पोलिसांकडून. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, बागेला दोन छोटे बॉक्स पुरतात.

वॉर्डातली_बाग

भरपूर मिळालं, आभार. मालमत्ता पत्रकाचा अर्ज सोमवारी टाकतो. एक राहिलं: झाडांच्या नावाच्या पाट्या कशा लावायच्या? आणि पुराच्या वर्षी नाल्याकडच्या बाजूला पाणी येतं, तिथं काय करावं?

बुंधा_आणि_बेंदा

पाटी झाडावर नको. बुंध्यापासून दोन फुटांवर लोखंडी पट्टी रोवून तिच्यावर लावा. खोल खणू नका, मूळ लागलं तर जागा सरकवा.

पुराचं असं: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. ३९ झाली की पंप, मीटरची पेटी, युरियाची पोती वर हलवायची. ४३ ची वाट बघायची नाही. पाणी ओसरल्यावर लगेच खणू नका, चिखलात चालूही नका. माती पायाला चिकटायची थांबली की बुंध्याभोवतीचा गाळ घमेल्यानं उचला, विशेषतः तीन-चार बोटांपेक्षा जाड थर असेल तर. पानांवरचा गाळ पाण्यानं धुवा. खत महिनाभर नको. पिंजऱ्यातलं अर्धवट खत पुरात भिजलं असेल तर भाजीच्या वाफ्याला वापरू नका, झाडांनाच घाला.