जुने कॅमेरे, नाणी, तबकड्या आणि ऑनलाइन लिलाव : घेणाऱ्यांचे अनुभव

पावसाळा लागला की मी कपाटातली कॅमेऱ्याची भिंगे काढून विजेरीच्या उजेडात तपासतो. काल, पूर्वी ऑनलाइन लिलावात घेतलेले एक जुने भिंग हाती आले आणि त्याचे पार्सल उघडल्याची संध्याकाळ आठवली. वर्णनात ‘उत्तम स्थिती’ असे लिहिले होते आणि छायाचित्रात काच लख्ख दिसत होती. मात्र मागून विजेरी धरताच आतल्या काचेवर कडेपासून मध्यापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली दिसली. मुंबईच्या दमट हवेत, त्यातही चामड्याच्या पिशवीत वर्षानुवर्षे ठेवलेल्या भिंगाचे असे होतेच, आणि विकणाऱ्याने ते लपवले असेल असे मला वाटत नाही. त्याने कधी आरपार पाहिलेच नसावे. म्हणून विकणाऱ्यांना विनंती आहे, की उजेड आरपार जातानाचे एक छायाचित्र अवश्य द्यावे. शटरविषयीही (ठरावीक वेळच उजेड आत सोडणारा कॅमेऱ्यातला पडदा) ‘चालू आहे’ एवढेच लिहू नये, कारण जुने वंगण घट्ट झाले की आधी संथ वेग अडकतात, आणि 500 च्या (सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या) वेगाला व्यवस्थित चालणारे शटर एक सेकंदाला उघडेच राहते. दोष आधी कळला तर मी बोली कमी लावीन, पण लावीन. आपलेही अनुभव लिहावेत.

नाणेसंग्राहक, गिरगाव
आमच्याकडे दुखणे उलटे आहे. आजोबांच्या पेटीतला चांदीचा रुपया विकायला काढण्यापूर्वी घरची मंडळी तो चिंचेने घासून चकचकीत करतात, आणि संग्राहकाला हवी असलेली जुनी काळसर झाक त्यासोबत कायमची जाते. कृपया नाणे आहे तसेच ठेवावे. छायाचित्र दोन्ही बाजूंचे आणि जवळून असावे, कारण स्वातंत्र्योत्तर नाण्यांवर सालाखालचा पत्त्यांतल्या चौकटसारखा छोटा हिरा मुंबईची टांकसाळ सांगतो, हैदराबादचा तारा असतो. ती खूणच धूसर असेल तर बोली कशाच्या आधारावर लावायची?

विरार लोकल
लिलाव सकाळी साडेनऊला संपवू नका. त्या वेळी मी दाराशी लटकलेलो असतो आणि खिशातला फोन काढण्याइतकीही जागा नसते. रविवारची रात्र ठेवा.

धागाकर्ता
गिरगावकर, आमच्या आईनेही दोन रुपये असेच उजळले होते. तिला अजून सांगितलेले नाही.

तबकडीप्रेमी, दादर
मिनिटाला 78 फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकड्या लाखेच्या असतात, पडल्या की फुटतात. मला एकदा केवळ वर्तमानपत्रात गुंडाळलेली भावगीतांची तबकडी आली. पार्सल हलवले तेव्हाच आतून खुळखुळ ऐकू आली. ती दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये घट्ट बांधून, भोवती मऊ भरण घालून पाठवावी. लाँग प्ले (जास्त वेळ वाजणारी विनाइलची तबकडी) असेल तर ती कव्हरातून काढून आतल्या पाकिटासह कव्हराच्या मागे ठेवावी, नाहीतर वाटेत तिच्या धक्क्याने कव्हराची शिवण उसवते. माझ्याकडे अशी चार कव्हरे आहेत, चारही वरच्या बाजूने फाटलेली.