घोषवाक्याचा ट्रेडमार्क करायचाय, बजेट सहा हजार. सल्ला हवा

कुडाळ_साउंड: कुडाळला माझं छोटं युनिट आहे. भजनी मंडळांसाठी बॅटरीवरचे स्पीकर बनवतो. गणपतीत वीज गेली तरी डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, थांबत नाही. डब्यावर २०२२ पासून छापतोय : 'बुवांचो सूर, वाडीभर पूर'. यंदा सावंतवाडीत दुसऱ्याच्या डब्यावर हेच वाक्य बघितलं, फार लागलं. वाक्याची नोंदणी होते का? ६,००० च्या वर एक रुपयाही नाही.

रातांबा: मी कोकम सरबताचं नाव, लोगो, सगळं मुंबईच्या एजंटाकडून केलं. १८,००० गेले, पण डोक्याला ताप नाही. तुम्हीही तेच करा.

चिपळूण_बाजारपेठ: 'पूर' शब्द काढा हो. २२ जुलै २०२१ ला माझ्या दुकानात छातीभर पाणी होतं. आमच्याकडे तो डबा कुणी घेणार नाही.

पखवाज_कणकवली: पूर तो सुराचो, पाण्याचो नाय! आणि 'बुवांचो' ह्या शब्दाक हात लावू नको. बाकी आमच्या मंडळाचो सेट मुंबयच्या लॅमिंग्टन रोडवरसून आणलेलो, बारा वर्षां झाली, अजून खणखणीत वाजता.

खाडीकाठ: मूळ प्रश्नाकडे येऊ. घोषवाक्याची नोंदणी होते. मात्र 'स्पष्ट आवाज, दमदार बास' असलं मालाचं नुसतं वर्णन असेल तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली आक्षेप येतो. तुमचं वाक्य तसं नाही. नोंदणीसाठी माल आणि सेवांचे वर्ग पाडलेत; स्पीकर, अॅम्प्लिफायर, हेडफोन वर्ग ९ मध्ये येतात. अर्ज टीएम-ए. एकट्या व्यक्तीला किंवा उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योगाला एका वर्गाची ऑनलाइन फी ४,५००, मोठ्या कंपनीला ९,०००. दुरुस्तीचा वर्ग ३७ घेतलात तर तेवढीच फी पुन्हा. २०२२ पासूनचा वापर दाखवायचा तर प्रतिज्ञापत्र आणि जुनी बिलं जोडा. वाक्य मालवणीत आहे, म्हणून रोमन लिप्यंतर आणि अर्थही द्यावा लागेल.

रत्नागिरी_रिपेअर: एजंटावर विसंबू नका, हे कळकळीनं सांगतो. माझ्या दुकानाच्या वाक्यावर आक्षेप आला, उत्तराला महिनाभर मुदत होती. ईमेल एजंटाकडे गेला, त्यानं मला कळवलंच नाही. अर्ज सोडून दिल्यात जमा झाला. फी परत मिळत नाही.

रातांबा: माझ्या एजंटानं सगळं वेळेत केलं. आणि वर्तुळातला आर आजपासूनच छापून टाका, समोरचा घाबरतो.

खाडीकाठ: अजिबात नको! नोंदणीआधी तो आर छापणं बेकायदेशीर आहे. 'टीएम' छापा, ते आजही चालतं.

मालवण_डीजे: वाक्यापेक्षा आवाजच नोंदवा की! याहू या इंटरनेट कंपनीची ती आरोळी २००८ मध्ये भारतात नोंदली गेलेली पहिली ध्वनिखूण. ३० सेकंदांच्या आतली एमपी३ द्यायची. स्पीकर सुरू होताना टाळ वाजवा, तोच नोंदवा.

पखवाज_कणकवली: टाळ सगळ्यांचो. एकट्यान कसो नोंदवायचो?

रातांबा: आधी ब्रँडचं नाव, मग वाक्य. वाक्यं दर वर्षी बदलतात.

रत्नागिरी_रिपेअर: हे मात्र पटलं. नाव आधी.

खाडीकाठ: मीही नावच आधी म्हणेन. तरी वाक्यच करणार असाल तर ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध फुकट आहे, उच्चारानं जवळची वाक्यंही तपासा. अर्ज मान्य झाला की ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये छापतात, मग चार महिने कुणीही विरोध करू शकतो. नोंदणी अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं, पुढे नूतनीकरण. सावंतवाडीवाल्याविरुद्ध नोंदणीशिवायही पासिंग ऑफचा, म्हणजे आपला माल तुमचाच असल्याचं भासवल्याचा, दावा करता येतो, पण लोक ते वाक्य तुमच्याच नावानं ओळखतात हे सिद्ध करावं लागेल. ऑनलाइनला डिजिटल सही लागते, तीही घेऊन ठेवा.

कुडाळ_साउंड: सगळ्यांचे आभार. रात्रभर विचार केला. नाव नको, वाक्यच करणार. गिऱ्हाईक दुकानात येऊन 'तो वाडीभर पूरवालो दी' असंच म्हणतं, ब्रँडचं नाव कुणी घेत नाही. 'पूर' राहील. चिपळूणकरांची माफी मागतो. एजंट नाही, डिजिटल सहीही नाही. मुंबईत अँटॉप हिलच्या ट्रेडमार्क कार्यालयात कागदी अर्ज घेतात, त्याची फी ५,०००. २०२२ च्या चतुर्थीतलं वालावलच्या मंडळाचं बिल सापडलंय. प्रतिज्ञापत्र आज नोटरी करून घेतो. सोमवारी रात्रीच्या कोकणकन्येनं निघतोय.

रातांबा: अहो, पाचशे रुपये जास्त देऊन वर मुंबईची खेप कशाला?

कुडाळ_साउंड: अर्जावर पोचेचा शिक्का पडताना मला डोळ्यांनी बघायचाय.