कट-ऑफच्या आधी फाईलमध्ये काय आहे ते बघा

प्रोटीनमधले कोणते भाग एकमेकांना लागून आहेत, म्हणजे त्यांचे कॉन्टॅक्ट, स्क्रिप्टने मोजताना किती अंतरापर्यंतचे धरायचे तो कट-ऑफ; तो ४ अँगस्ट्रॉम (अणूंच्या अंतराचं एकक) ठेवला की ५, त्यावर यादी बदलते हे बरोबरच, पण त्याआधी पीडीबी या प्रोटीन-रचनांच्या डेटाबेसमधून डाउनलोड केलेल्या फाईलमध्ये अख्खं प्रोटीन आहे का ते बघा ना. हिमोग्लोबिनच घ्या, त्यात चार चेन (साखळ्या) असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. ऑक्सिजन नसलेल्या रूपाची २एचएचबी ही फाईल उघडली तर चारही चेन मिळतात, ऑक्सिजनवाल्या १एचएचओमध्ये मात्र ए आणि बी दोनच, कारण उरलेला अर्धा भाग क्रिस्टलच्या सिमेट्रीने, म्हणजे त्याच अर्ध्याची फिरवलेली प्रत घेऊन, तयार करावा लागतो. दोन्हींवर तीच स्क्रिप्ट चालवली की वाटतं ऑक्सिजन आला आणि अल्फा१-बीटा२ मधले, म्हणजे एका अर्ध्यातली अल्फा आणि दुसऱ्या अर्ध्यातली बीटा यांच्यातले, सगळे कॉन्टॅक्ट तुटले! प्रत्यक्षात ते बदलतात, म्हणजे अल्फाचा टायरोसिन ४२ (चेनमधल्या ४२व्या जागेवरचं अमिनो ॲसिड) आणि बीटाचा ॲस्पार्टेट ९९ यांच्यातला हायड्रोजन बॉण्ड जातो आणि अल्फाचा ॲस्पार्टेट ९४ बीटाच्या ॲस्पॅराजिन १०२ ला धरतो, हिमोग्लोबिनमध्ये बघण्यासारखी गोष्ट हीच आणि नेमकी तीच हातातून निसटते.

म्हणून बायॉलॉजिकल असेम्ब्लीची, म्हणजे सिमेट्री लावून पूर्ण केलेल्या प्रोटीनची, फाईल घ्या. त्यातही जुन्या पीडीबी फॉरमॅटमध्ये दुसरा अर्धा भाग दुसरं मॉडेल (त्याच फाईलमधला अणूंचा वेगळा संच) म्हणून येतो, चेनची नावं परत ए आणि बीच, त्यामुळे पहिलंच मॉडेल वाचणारी स्क्रिप्ट पुन्हा अर्धंच मोजते. आधी चेनना वेगळी नावं द्या, मग मोजा.