१९ खुनांची कबुली, शिक्षा ५ वर्षं: जॉन गॉटीला पाडण्यासाठी मोजलेली किंमत जास्त होती का?

नदीकाठ (धागाकर्ती)

माझं मत सुरुवातीलाच सांगते: जास्तच होती.

प्रकरण माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्कमध्ये इटालियन माफियाच्या पाच टोळ्या. तिथे त्यांना 'फॅमिली' म्हणतात. त्यांतल्या गॅम्बिनो फॅमिलीचा प्रमुख पॉल कॅस्टेलानो १६ डिसेंबर १९८५ च्या संध्याकाळी मॅनहॅटनमध्ये स्पार्क्स स्टेक हाउससमोर गाडीतून उतरत होता. तिथेच त्याला गोळ्या घातल्या. जवळच एका गाडीत बसून दोघं हे बघत होते, जॉन गॉटी आणि सॅमी ग्रॅव्हानो. महिन्याभरात गॉटी टोळीप्रमुख झाला. पुढे तीन खटल्यांतून सहीसलामत सुटला. भारी सूट, नीट वळवलेले केस, कॅमेऱ्यांकडे बघून हसणं. नॉनस्टिक तव्यासारखा त्याला एकही आरोप चिकटत नाही म्हणून वर्तमानपत्रांनी नाव ठेवलं 'टेफ्लॉन डॉन'. डिसेंबर १९९० मध्ये पुन्हा अटक झाली, २ एप्रिल १९९२ ला दोषी ठरला, जन्मठेप झाली. १० जून २००२ ला तुरुंगाच्या इस्पितळात कॅन्सरने गेला.

त्याला आत घातलं ते ग्रॅव्हानोच्या साक्षीने. हा त्याचा उजवा हात. स्वतः १९ खुनांत सामील असल्याचं त्याने कबूल केलं आणि १९९४ मध्ये त्याला शिक्षा झाली अवघी ५ वर्षं. त्या १९ घरांतल्या माणसांनी याला न्याय म्हणायचं?

काळाकोट

असहमत. मी फौजदारी वकिली करतो, माफीचे साक्षीदार बघितलेत. त्यांत सज्जन माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि भेटणारही नाही. कटाच्या आतली गोष्ट कटात असलेल्यालाच ठाऊक असते.

गॉटीच्या बाबतीत सज्जन साक्षीदार आणूनही बघितला होता. १९८४ ची गोष्ट. क्वीन्समध्ये फ्रिज दुरुस्त करणाऱ्या एका माणसाची वाट रस्त्यात आडव्या लावलेल्या गाडीने अडली, म्हणून त्याने हॉर्न वाजवला. त्याला मारहाण झाली, खिशातले ३२५ डॉलर काढून घेतले. त्याने तक्रार केली. मारणारा गॉटी कोण आहे, हे त्याला नंतर कळलं. १९८६ मध्ये साक्षीला उभा राहिला तेव्हा त्याला आरोपी ओळखताच येईना. खटला निकालात. त्या माणसाला मी दोष देत नाही, त्याच्या जागी मी असतो तर माझीही जीभ टाळ्याला चिकटली असती.

१९८७ चा खटला तर सरकार ज्युरीतच हरलं. एक ज्युरर ६०,००० डॉलरला विकला गेला होता. १९९२ मध्ये ज्युरींची नावं गुप्त ठेवून त्यांना बाहेरच्या जगापासून तोडून ठेवावं लागलं, ते उगाच नाही.

भटकंती

तुम्ही दोघंही ग्रॅव्हानोला फार मोठं करताय. गॉटीला गॉटीनेच बुडवला.

मॅनहॅटनच्या मलबेरी स्ट्रीटवर रॅव्हनाइट नावाचा त्याचा क्लब होता. टोळीतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी तिथे येऊन हजेरी लावलीच पाहिजे, असा त्याचा हुकूम. एफबीआयने समोरून त्यांचं चित्रण केलं. कोण येतो, कोण कोणाची गळाभेट घेतो, सगळं आयतं मिळालं. महत्त्वाचं बोलायला तो वरच्या मजल्यावर एका विधवा बाईच्या घरात जायचा. तिथेही एफबीआयने मायक्रोफोन लपवला होता. एका बांधकाम ठेकेदाराबद्दल तो त्या टेपवर स्वतःच्या तोंडाने सांगतो, की बोलावलं तरी आला नाही म्हणून तो मरणार. ऑक्टोबर १९९० मध्ये तो ठेकेदार वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पार्किंगमध्ये मारलेला सापडला. याहून जास्त काय हवं होतं?

उलट जेनोव्हीज फॅमिलीचा प्रमुख व्हिन्सेंट जिगांटे बघा. वेडाचं सोंग घेऊन वर्षानुवर्षं अंगावर बाथरोब घालून ग्रीनिच व्हिलेजमध्ये फिरायचा. टोळीप्रमुख म्हणून तो १९९७ पर्यंत दोषी ठरला नाही.

मी क्वीन्समध्ये राहतो. १०१व्या अव्हेन्यूवर गॉटीचा जुना अड्डा होता, बर्गिन हंट अँड फिश क्लब. त्याच रस्त्याच्या पुढच्या पट्ट्याला २०२० मध्ये पंजाब अव्हेन्यू नाव मिळालं. गॉटी तिथे ४ जुलैला फटाके उडवायचा, सगळ्या वस्तीला फुकट जेवण घालायचा. जन्मठेप झाली त्या दिवशी लोकांनी कोर्टाबाहेर गाड्या उलथ्या केल्या. अशा माणसाला देवमाणूस म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मार्च १९८० मध्ये त्याचा १२ वर्षांचा मुलगा छोट्या मोटरसायकलवर रस्त्यात आला आणि शेजाऱ्याच्या गाडीखाली गेला. अपघातच होता, पोलिसांनीही तसंच ठरवलं. त्या शेजाऱ्याच्या गाडीवर रंगाने 'खुनी' लिहिलं गेलं. बिचारा घर विकून निघायच्या तयारीत होता. जुलैमध्ये कामावरून सुटला तेव्हा त्याला उचलून नेलं. आजतागायत पत्ता नाही, कोणाला शिक्षाही नाही.

काळाकोट

@भटकंती, शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत.

पण नुसत्या टेपवर भागलं असतं, हे पटत नाही. टेपवर माणसं अर्धवट वाक्यं बोलतात, टोपणनावं घेतात. बचावाचा वकील म्हणणार, बढाया मारत होता हो! कोण कोणाबद्दल आणि का बोलतंय, हे सांगायला आतला माणूस लागतो. आणि स्पार्क्ससमोरच्या गाडीत मायक्रोफोन नव्हता, ग्रॅव्हानो होता.

शिवाय तो फुटला तोही या टेपमुळेच. गॉटी आपल्या माघारी खुनांचं खापर आपल्यावरच फोडतोय, हे त्याने कोर्टात स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यानंतर त्याच्या साक्षींवर डझनावारी लोक आत गेले.

नदीकाठ

साक्ष लागणार होती, हे मानलं. फ्रिजवाल्याची गोष्ट वाचून मी थोडी मागे सरकले. पण माझा प्रश्न साक्षीचा नाही, पाच वर्षांचा आहे. साक्षीच्या बदल्यात सरकारने त्याच्याशी केलेल्या करारात शिक्षेची मर्यादा २० वर्षांची होती ना? मग बाकीची १५ कशाबद्दल सोडली?

सुटल्यावर काय झालं तेही बघा. २००० मध्ये ॲरिझोनात एक्स्टसी या नशेच्या गोळ्या विकताना तो पकडला गेला. बायको, मुलगी, मुलगा सगळेच त्या धंद्यात. ज्या पोरांच्या हातात त्या गोळ्या गेल्या, त्यांचा या करारात कुठे विचार झाला होता? त्या गुन्ह्यात त्याला मिळाली २० वर्षं. माणसं मारली त्याची ५, गोळ्या विकल्या त्याच्या २०. काळाकोट, हा हिशोब मला कोणत्या कलमाखाली बसतो ते सांगा.

काळाकोट

कलमात बसतो, मनात बसत नाही. करार २० पर्यंतचा होता, त्यातून ५ हा आकडा न्यायाधीशांनी ठरवला. मी तिथे सरकारी वकील असतो तर निदान १२-१५ मागितली असती. तेवढी देऊनही तो बोलला असता, असं मला वाटतं.

भटकंती

मला नाही वाटत. १५ वर्षं आत राहायचं असतं तर तो जिवंत बाहेर येईल याची खात्री त्याला कोण देणार होतं?