उष्णकटिबंधातल्या डोंगररांगांत फुलपाखरांच्या इतक्या प्रजाती कशा?

पाकोळी:
एकट्या कोलंबियात फुलपाखरांच्या साडेतीन हजारांहून जास्त प्रजाती आहेत, अख्ख्या युरोपात जेमतेम पाचशे. याचं श्रेय अँडीज पर्वताला दिलं जातं. पण ऊन, पाऊस, झाडांची रेलचेल हे सगळं सपाट ॲमेझॉनमध्येही आहे. मग डोंगर जास्तीचं काय देतो? वर तर थंडी, तिथे फुलपाखरं कमीच हवीत ना?

खिंडवाला:
कमीच असतात, शंका रास्त आहे. एकाच जागी सर्वाधिक प्रजाती मोजायच्या तर अँडीजच्या पायथ्याच्या सखल जंगलात जावं लागतं. पेरूतल्या मनू राष्ट्रीय उद्यानात पाकित्सा या एका ठिकाणी सुमारे 1,300 प्रजाती नोंदल्या आहेत, तेही समुद्रसपाटीपासून 400 मीटर उंचीच्या आत. डोंगराची करामत वेगळी आहे: चढत गेलं की यादीच बदलत जाते. या सगळ्या याद्यांची बेरीज अफाट होते.

यादी का बदलते, यावर डॅनियल जॅन्झन यांनी 1967 मध्ये मांडलेला मुद्दा अजून टिकून आहे. दर 1,000 मीटरला तापमान साधारण 5 ते 6 अंशांनी उतरतं, हे सगळीकडे सारखंच. पण समशीतोष्ण प्रदेशात एकाच जागी उन्हाळा-हिवाळ्यात 20-30 अंशांचा फरक पडतो. तिथला कीटक दोन्ही सोसायला तयार असतो, म्हणून उन्हाळ्यात खिंड ओलांडणं त्याला जड जात नाही. विषुववृत्ताजवळ महिन्यांच्या सरासरीत दोन-तीन अंशांचाच फरक. 2,500 मीटरवरच्या फुलपाखराला 1,000 मीटरवरचा उकाडा वर्षात कधीच भेटत नाही. त्याची सोसण्याची कक्षा अरुंद राहते, आणि तेवढ्याच उंचीची खिंड किंवा तेवढ्याच खोलीची दरी त्याच्यापुरती भिंत ठरते. भिंतीच्या दोन बाजू पुरेसा काळ वेगळ्या राहिल्या की दोन प्रजाती.

चुस्केआ:
यात काळाचा भाग जोडा. शेवटच्या हिमयुगात, साधारण 20,000 वर्षांपूर्वी, कोलंबियाच्या अँडीजमधली वृक्षरेषा, म्हणजे ज्याच्या वर झाडं वाढत नाहीत ती सीमा, 2,000 मीटरच्या आसपास उतरली होती. आज ती 3,200 ते 3,500 मीटरवर आहे. म्हणजे वरच्या गवताळ पट्ट्यांची बेटं थंडीत एकमेकांना जोडली जातात, ऊब आली की तुटतात. हिमयुगांच्या चक्रात हे पुन्हा पुन्हा झालं.

याचं ठळक उदाहरण म्हणजे प्रोनोफिलिना हा तपकिरी फुलपाखरांचा गट. यांचे सुरवंट मुख्यतः चुस्केआ या डोंगरी बांबूवर वाढतात. एकाच उतारावर काहीशे मीटर चढलं की एका प्रजातीची जागा तिची जवळची बहीण-प्रजाती घेते. ‘खाद्य वनस्पती बदलते म्हणून फुलपाखरू बदलतं’ हे उत्तर इथे अपुरं पडतं, कारण बांबू वरखाली दोन्हीकडे आहेच. तापमान आणि बहिणींमधली स्पर्धा धरल्याशिवाय हिशेब लागत नाही. उलट न्यू गिनीच्या डोंगरांतल्या डेलियास या फुलपाखरांच्या कित्येक प्रजाती बांडगुळांवर पोसतात. तिथे वनस्पतीचा वाटा मोठा असावा. एकच कारण सगळीकडे लावू नये.

जाळीदार:
उतारावर मोजणी करणाऱ्यांसाठी थोडं. दर 200 मीटर उंचीला एक पट्टा ठेवा आणि प्रत्येक पट्ट्याला सारखेच तास द्या. खाली जास्त वेळ घालवला की खालची विविधता फुगते.

आंबवलेल्या केळ्याच्या सापळ्यावर फळांचा रस पिणारीच येतात. प्रोनोफिलिनासाठी विष्ठा किंवा सडकी मासळी लावा. काचपंखी इथोमिनींचे नर अल्कलॉइड या वनस्पतींतल्या रसायनांसाठी भुरुंडीच्या कुळातल्या सुकलेल्या झाडांवर जमतात. निळ्या लहान फुलपाखरांसाठी जाळी घेऊन फिरण्याला पर्याय नाही.

मेघवनात, म्हणजे ढग-धुक्यातल्या डोंगरी जंगलात, पहाटेपासून ताटकळू नका, ऊन पडलं की उडतात. पण दुपारी धुकं चढलं की सगळं थांबतं, त्यामुळे पट्ट्यांच्या वेळा आलटून-पालटून घ्या. नाहीतर नेहमी दुपारी पाहिलेला पट्टा उगाच गरीब दिसेल.

पाकोळी:
शिखरावर दिसलेलं फुलपाखरू तिथलंच धरायचं का?

जाळीदार:
नाही. बऱ्याच प्रजातींचे नर माद्यांसाठी माथ्यावर गोळा होतात, त्यांची वाढ खूप खाली झालेली असते. अंडी किंवा सुरवंट सापडले, तरच ती प्रजाती त्या उंचीची. माथ्यावरची प्रौढ नरांची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा.