कोल्हापुरात शोभिवंत उष्णकटिबंधीय रोपांसाठी पॉलिहाऊस: फॅन-पॅड घ्यावा की नैसर्गिक वायुवीजन?

हातकणंगले नर्सरी (प्रश्न)

आमच्या रोपवाटिकेत आजवर आंबा, नारळ, जास्वंद आणि कुंपणाची रोपे शेडनेटखाली तयार होत आली आहेत. आता घरातील कुंड्यांसाठी ॲग्लोनेमा, कॅलेथिया, फिलोडेंड्रॉन आणि अँथुरियम यांची मागणी वाढल्यामुळे दहा गुंठ्यांचे पॉलिहाऊस उभारण्याचे ठरवले आहे. जमीन काळी असून पाणी बोअरचे, जड (क्षारांचे) आहे. एका ठेकेदाराच्या मते ही रोपे दमट जंगलातील असल्याने पॉलिहाऊस चारही बाजूंनी बंद करून फॅन-पॅड (एका बाजूला पाण्याने भिजवलेले पॅड आणि समोर त्यातून हवा ओढणारे पंखे) बसवल्याशिवाय ती टिकणार नाहीत. दुसरा म्हणतो, छपराला व्हेंट (हवा बाहेर जाण्याची मोकळी जागा) ठेवा, फॉगर (पाण्याचे धुके उडवणारे नोझल) लावा, तेवढे पुरे. खर्चात मोठा फरक आहे आणि फॅन-पॅड घेतला तर वीजबिल कायमचे मागे लागेल. आपल्या हवामानाची माहिती असणाऱ्यांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

पन्हाळा पायथा

आपल्याकडे एकाच पॉलिहाऊसला वर्षभरात दोन अगदी उलट ऋतूंना तोंड द्यावे लागते, आणि आराखडा ठरवताना बहुतेक जण फक्त एप्रिलचा विचार करतात. एप्रिलच्या दुपारी तापमान ३८ अंश आणि आर्द्रता २५ टक्के असेल, तर ओल्या पॅडमधून येणारी हवा दहा-बारा अंशांनी थंड होऊ शकते, यात शंका नाही. परंतु जुलैमध्ये हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, पाण्याची वाफ होत नाही, आणि त्यामुळे पॅड भिजवून काहीच हाती लागत नाही. ज्या महिन्यांत आपल्याकडे रोपे सर्वाधिक दगावतात, त्या महिन्यांत ही महागडी यंत्रणा केवळ पंखा म्हणून उरते.

कॅलेथिया मूळची ब्राझील आणि आसपासच्या जंगलांतील, तर अँथुरियमच्या फुलांच्या जातीचे मूळ कोलंबिया आणि इक्वेडोरमध्ये. त्यांना दमटपणा हवा असतो, कोंदटपणा नको असतो. पावसाळ्यात सकाळी बंद पॉलिहाऊसमध्ये जाऊन पाहावे: फिल्मच्या आतल्या बाजूला साचलेले थेंब आडव्या पाइपच्या रेषेतच गळत राहतात, आणि नेमक्या त्या रेषेखालच्या कुंड्यांमध्ये रोपाचा शेंडा सर्वांत आधी सडू लागतो. म्हणून माझे स्पष्ट मत नैसर्गिक वायुवीजनाच्या बाजूने आहे. पन्हळीपाशी उंची किमान चार ते साडेचार मीटर ठेवावी, पन्हळी दक्षिणोत्तर घ्याव्यात आणि वरचा व्हेंट पूर्वेकडे उघडणारा असावा, कारण पावसाळी वारा आणि त्याबरोबरची झड पश्चिमेकडून येते. फिल्म २०० मायक्रॉनची, अतिनील किरणांना टिकणारी आणि शक्यतो थेंब न गाळणारी घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सावली सरकती हवी. उन्हाळ्यात भर दुपारी बाहेर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो आणि अँथुरियमला पंधरा ते वीस हजार पुरतो, म्हणून ७५ टक्क्यांची जाळी कायमची ठोकून टाकण्याचा मोह होतो. मग आषाढातील ढगाळ दिवसांत तीच रोपे लांबट, लेचीपेची होतात आणि ॲग्लोनेमाच्या पानांचे रंग फिके पडतात. त्याऐवजी ५० टक्क्यांच्या दोन जाळ्या वेगवेगळ्या तारांवर ठेवाव्यात. उन्हाळ्यात दोन्ही ओढाव्यात, हिवाळ्यात एक ठेवावी आणि पावसाळ्यात दोन्ही गुंडाळून घ्याव्यात.

शिरोळ काठ

वरील मताशी मी सहमत आहे, मात्र जमीन आणि पाणी हे मुद्दे राहिले. काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे उथळ पाये वर्षभरात हलतात, सांगाडा किंचित तिरपा होतो आणि फिल्म सैल पडते. वळवाच्या पहिल्या वावटळीत अशीच सैल फिल्म फाटते. खड्डे मुरूम लागेपर्यंत घेऊन काँक्रीट भरावे.

जड पाणी फॉगरमधून सोडले तर पानांवर पांढरे डाग पडतात, जे पुसूनही नीट जात नाहीत, आणि शोभेच्या रोपाचे मोल तर पानावरच ठरते. शिवाय नोझल चोंदतात ते वेगळेच. उपाय तुमच्या छपरावरच आहे. दहा गुंठे म्हणजे साधारण हजार चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी हजार लिटर पाणी होते. वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरला तर जवळपास सहा लाख लिटर. पन्हळीचे पाणी अस्तरीकरण केलेल्या शेततळ्यात घ्यावे, वर जाळी टाकून शेवाळ रोखावे, आणि हे पाणी फॉगरसाठी व कुंड्यांत भरायचे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) धुण्यासाठी राखून ठेवावे.

हातकणंगले नर्सरी

दोघांचेही मनापासून आभार. हिवाळ्यातील थंड रात्रींचे काय करावे? आमच्याकडे उसाच्या रानांमुळे पहाटे गारठा जास्त जाणवतो.

पन्हाळा पायथा

ॲग्लोनेमा १५ अंशांखाली बराच वेळ राहिला की पानांवर काळपट, तेलकट चट्टे उमटतात, म्हणून काळजी रास्त आहे. नुसती पॉलिथिन फिल्म रात्री उष्णता फारशी अडवत नाही. डिसेंबर-जानेवारीत सूर्य मावळण्याआधीच बाजूचे पडदे खाली घ्यावेत आणि आतली एक जाळी ॲल्युमिनियम पट्ट्यांची घेऊन ती रात्री ओढावी. उन्हाळ्यातही तिचा उपयोग होतो. सायंकाळी पाणी देऊ नये, कारण ओली पाने घेऊन रात्र काढणारी रोपे बुरशीला लगेच बळी पडतात.

एक व्यवहाराची गोष्ट: एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून अनुदान घेणार असाल, तर राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पूर्वसंमती हाती येईपर्यंत पायाचा एकही खड्डा घेऊ नका.